चालीवरून माणूस ओळखणारे खानझोडे काका

खानझोडे काकांना सोबत घेऊन रहस्यपट बघायला बसणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा होता. इंटरव्हलच्या आत खुनी कोण ते सांगून मोकळे. बरं, हळू सांगतील तर शपथ. भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये मी महिन्यातून एका रविवारी सिनेमा दाखवायची. काका पहिल्या रांगेतून मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "चाल बघा त्याची. चेहऱ्याला नाटक जमतं, पायांना जमत नाही." बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं, म्हणून तर जास्त राग यायचा.

ही पारख घराण्यातली, असं ते कौतुकाने सांगत. इंग्रजांच्या राज्यात पारध्यांसारख्या जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं होतं. तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती करत आणि रोज हजेरी घेत. काकांचे आजोबा अशाच एका वसाहतीत हजेरी घ्यायला होते. त्यांचा खाकी पोशाखातला फोटो काकांच्या दिवाणखान्यात होता, आणि पाहुण्याला चहाआधी त्या फोटोचं दर्शन घडायचं. काका स्वतः सरकारी नोकरीनिमित्त नागपूरहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर कॉलनीचे सेक्रेटरी झाले, त्यांनी गेटवर कॅमेरे बसवून घेतले, आणि त्यांचा स्क्रीन लावला कुठे, तर स्वतःच्या घरी, आजोबांच्या फोटोखाली.

जेवण झालं की बाकीची म्हातारी माणसं लवंडतात, हे खुर्ची ओढून स्क्रीनपुढे बसायचे. मी समोसे घेऊन आले की संध्याकाळी हमखास, "काय बाई, डाएट सुटलं वाटतं?" चीड यायची. पण माझ्या आईला झटका आला तेव्हा मी शेजारीपाजारी कुणाला फोन करायच्या आत काका पायात चपला न घालता खाली उभे होते. अँब्युलन्स त्यांनी गेटमधून शिरतानाच स्क्रीनवर पाहिली होती. आई जाईपर्यंतचे सगळे दिवस काकूंचा डबा आला. अशा माणसावर रागवायचं तरी किती?

मग त्या वर्षीच्या महालक्ष्म्या आल्या. आम्हा विदर्भातल्या लोकांकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. पत्र्याच्या कोठ्यांमध्ये गहू-तांदूळ भरून त्यांवर मुखवटे ठेवायचे, साडी नेसवायची, दागिने घालायचे. काकांच्या आईची मोत्यांची नथ दरवर्षी थोरल्या महालक्ष्मीला असे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काकू दागिने डब्यात ठेवायला बसल्या, तर नथ नाही. सगळं घर उलटंपालटं केलं, नुसत्या कोठ्या सोडून. कोठीतल्या धान्याला पुढच्या वर्षीपर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत.

काका स्क्रीनपुढे बसले. विसर्जनाच्या दिवशी भंगार वेचणारी सुगना त्यांच्या अंगणातून गेटकडे जाताना दिसत होती. खांद्यावर पोतं. गेटपाशी तिने एकदा मागे वळून पाहिलं आणि भराभर निघून गेली. काकू म्हणाल्या, "मीच तिला पुरणपोळी खायला बोलावलं होतं." काका म्हणाले, "वळून बघितलं ना तिने? चाल बघ तिची." सुगना पारधी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी ते चित्रण कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं आणि पोलीस ठाण्यातही दिलं. पोलिसांनी तिला उचललं, तिच्या नवऱ्यालाही. नथ मिळाली नाही, पण मार व्हायचा तो झालाच. सुटल्यावर ती माणसं इथून निघून गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी मी एक सिनेमा दाखवला. एका मळेवाल्याची गोष्ट. चोरीच्या भीतीने तो बंगल्याभोवती कॅमेरे लावतो, आणि स्क्रीनवर त्याला फाटकाशी उभी असलेली एक मजूर बाई दिसू लागते. घरात दुसऱ्या कुणाला ती दिसत नाही. हळूहळू कळतं, गोऱ्या साहेबाच्या मर्जीसाठी याच्या आजोबाने एका बाईला त्याच फाटकाला बांधून मारलं होतं, आणि मळा त्याच्या बक्षिसात मिळाला होता. काका त्या दिवशी मागे वळले नाहीत. सिनेमा संपल्यावर सगळे वाद घालत होते, बाई भूत होती की त्याच्या डोक्यातला खेळ. मी काकांना विचारलं, ओळखलं का तुम्ही? ते म्हणाले, "फालतू सिनेमा आहे." दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येऊन तोच सिनेमा पुन्हा लावायला सांगितला. बघून झाल्यावर त्यांनी स्वतःच टीव्ही बंद केला. "ती बाई आली कुठे?" असं स्वतःशीच म्हणाले. "त्यानेच उभी केली तिला. कॅमेरा लावला तेव्हाच."

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी काकूंनी कोठीतले जुने गहू परातीत ओतले, आणि गव्हांबरोबर नथ पडली. मुखवटा उचलताना ती कोठीत गळली होती. काकूंची हाक ऐकून मी धावत गेले. काका नथीकडे बघत भिंतीला टेकून खाली बसले होते. त्यांचा पुण्याचा मुलगा फोनवर सांगत होता, बाबा, कुणाला काही बोलू नका, उगाच प्रकरण अंगाशी येईल. कॉलनीतले दोघे-तिघेही म्हणाले, "छोड़िए ना साहब, पुरानी बात है." मला वाटलं, काका ऐकतील. नाही ऐकलं. कॉलनीच्या गणपतीच्या आरतीनंतर ते तळहातावर नथ धरून सगळ्यांसमोर उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "सुगना चोर नहीं थी. मैंने उसको चोर बनाया." लोक प्रसादाच्या द्रोणात बघत राहिले. मला फार रडू आलं.

सुगना भोपाळबाहेर मंडीदीपला कारखान्यांच्या मागच्या बाजूला राहते असा पत्ता लागला. मी काकांबरोबर गेले. तिने बसायला सांगितलं नाही. काकांनी हात जोडले, नथ सापडल्याचं सांगितलं. तिच्या मुलीची शाळा सुटली होती, मुलीला परत शाळेत घालतो म्हणाले. सुगनाने सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी वळून का पाहिलं होतं, तेही तिने न विचारता सांगितलं. "काकी ने पूरन खिलाया था. उनको हाथ जोड़े थे, साहब. आपकी मशीन में हाथ नहीं आए क्या?" मग म्हणाली, "गेट पे मेरा फोटो लगा है. पहले वो निकालो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. चौकीदाराच्या केबिनच्या काचेवर तिचा फोटो होता, 'अंदर न आने दें' असं खाली लिहिलेला. काकांनीच लावला होता. वर्षभर आम्ही सगळे त्याच्यासमोरून जात-येत होतो. कॉलनीतल्या प्रत्येकाची चाल ओळखणाऱ्या त्या माणसाला तो दिसला नव्हता.

फोटो त्यांनी नखांनी खरवडून काढला आणि तिला द्यायला एकटेच गेले. परत आले ते खचूनच. सुगनाने फोटो भंगाराच्या पोत्यात टाकला होता, आणि हात जोडून सांगितलं होतं, "अब मत आइए साहब. आप आते हैं तो बस्ती वाले डरते हैं कि कोई देखने आया है." काकांना माफी नको होती हो, निदान काहीतरी करायची मुभा हवी होती. तीही मिळाली नाही. स्क्रीन त्यांनी चौकीदाराच्या केबिनमध्ये हलवायला लावला, आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवला, आणि दुपारी इतरांसारखे लवंडू लागले. अशाच एका दुपारी काकू चहाला उठवायला गेल्या, तर ते गेले होते.

दिवसकार्य झाल्यावर मुलाने मला विचारलं, बाबांचा एखादा व्हिडिओ आहे का हो? चालता-बोलता? साऱ्या कॉलनीचं चित्रण जपणाऱ्या माणसाचं स्वतःचं एकही चित्रण घरात नव्हतं. मी केबिनमध्ये बसून जुनं रेकॉर्डिंग शोधलं. शेवटी मंडीदीपला एकटे निघतानाचं सापडलं. काखेत कागदात गुंडाळलेला तो फोटो, मान खाली, पाय भिंतीच्या कडेकडेने. गेटपाशी ते थांबतात, मागे वळून रिकाम्या काचेकडे बघतात आणि भराभर निघून जातात.

मुलाला मी सांगितलं, काही सापडलं नाही. ज्याला काका माहीत नाहीत अशा कुणीही ती चाल पाहिली असती, तर चौकीदाराला म्हटलं असतं, या माणसाला पुन्हा आत सोडू नको.