देवाचा भोपळा

होळीनंतरचा सहावा दिवस, सकाळचे नऊ. माल : मोहाच्या दारूची दोन मडकी, एक रिकामं मडकं, बांबूची नळी आणि ओंजळीत मावेल एवढा सुका भोपळा. हजर : जमादार, दोन शिपाई, पंच म्हणून मी आणि वांगणीचा एक दुकानदार, आणि ज्याच्या झोपडीत हे सापडलं तो सोमा. पंचनाम्यातली भोपळ्याची ओळ माझ्यामुळे आली.

सोमा बदलापूरच्या डोंगरातल्या ठाकरवाडीत राहायचा. दिवाळीनंतर मांजर्लीला आमचं दीड एकर भात कापायला यायचा. एरवी उल्हासनगरच्या कॅम्पात लाकडाच्या मोळ्या विकायचा. तिथं नव्यानं वसलेल्या सिंधी मंडळींकडून त्यानं 'साईं' हा आदरानं हाक मारायचा शब्द उचलला होता. आमच्या बैलालाही तो साईं म्हणे. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात हजेरी कारकून. मला भारे मोजताना पाहून तो हसायचा.

"भाऊ, कारखान्यात मानसं मोजतोस, हितं भारं मोजतोस. जेवताना घास मोजतोस का रं?"

"नाही रे."

"मंग वयनी मोजत आसंल."

मी दारूला शिवलेलो नाही. पण ती कशी होते ते त्यानं मला एकदा दाखवलं होतं. भिजवलेली मोहाची फुलं चुलीवर चढली, नळीतून थेंब येऊ लागले. पहिले थेंब त्यानं भोपळ्यात धरले, त्यातले चार विस्तवावर टाकले. भप्पकन जाळ झाला. भोपळा त्यानं आढ्याला टांगला.

"ही पयली धार. ही आपली नाय. देवाची, नि आपल्या आदी गेलेल्यांची. ही देवाला दिल्याबिगर आमच्यात हळद लागत नाय."

दारूबंदी आली तेव्हा मी त्याला कायदा समजावून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आदी मोहूला सांग, फुलं टाकू नको म्हनावं."

त्या वर्षी होळीनंतर दहाव्या दिवशी त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, कमळीचं लग्न होतं. त्यासाठीच त्यानं चूल पेटवली होती. मी लग्नाचे तांदूळ पोचवायला निघालो होतो. वाटेत जमादारानं पंच म्हणून बरोबर घेतलं. कुणाच्या घरी जायचं ते वाडीत शिरल्यावर कळलं. तेव्हाही मला नाही म्हणता आलं असतं.

यादी लिहून झाली. जमादारानं विचारलं, "झालं सगळं?"

माझ्या हजेरीत कधी एक माणूस कमी पडलेला नाही. माझी नजर आढ्याकडे गेली. म्हणालो, "तो भोपळा राहिला."

सोमानं माझ्याकडे पाहिलं. शिपायानं ओढल्यावर दोरी तुटली.

सोमाला तीन महिन्यांची कैद झाली. लग्न थांबलं. त्या पावसाळ्यात मी कुंपणाशी भोपळ्याचं बी लावलं.

दिवाळीनंतर तो नेहमीसारखा विळा घेऊन दारात उभा. अंगावर मांस राहिलं नव्हतं, खोकला होता. दुपारी बांधावर जेवायला बसलो तेव्हा मी म्हणालो, "सोमा, चुकलं माझं."

त्यानं भाकरी मोडली. "तुझी मोजनी खरी व्हती, साईं. पन देवाचा वाटा मोजीत न्हाईत." मग बराच वेळ खोकला. "औंदा मोहू पडू दे. कमळीचं उरकतो."

मोह पडायला महिना होता, तेव्हाच तो गेला.

कमळीचं लग्न त्याच वर्षी झालं. वेलीवरचा एक भोपळा मी वाळवून ठेवला होता. तो घेऊन वाडीत गेलो. सोमाच्या बायकोनं तो उलटसुलट करून पाहिला, आत गेली आणि पहिल्या धारेनं भरून आणला. वाडीतला एक म्हातारा म्हणाला, "भाऊलाच दिऊ दे देवाला. मागली धार त्याच्याच हातून गेलीय."

मोहाच्या झाडाखाली मी भोपळा तिरपा केला. आधी देवाचं नाव घेतलं, मग सोमाचं. वास तसाच होता, त्याच्या चुलीशी बसलो होतो त्या दिवसाचा. कुणीतरी मागून साईं म्हणेल असं वाटत राहिलं. सगळी धार मातीत गेली.

त्या सकाळी कायदा मोडला गेला आणि तो माझ्या हातानं मोडला गेला. कुणी पंचनामा केला असता तर मी सही केली असती.

कमळीला हळद लागली. भोपळ्यात किती होतं, ते मी मोजलं नाही.