बोल्टवरची लाल रेघ

ते प्रकरण आठवलं की आजही माझा हात आपसूक कपाळावर जातो. मी तेव्हा पोलिसात होतो, माझ्याकडे तळेघरचं बीट होतं. तिथल्या भातगिरणीच्या मालकाने सकाळीच ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एक तुटका बोल्ट आपटला आणि म्हणाला, "खुनाचा प्रयत्न लिवून घ्या."

गिरणीच्या डिझेल इंजिनाचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, चालू इंजिनाची बाजू फोडून बाहेर आला होता. भात पाखडणारी मालकाची बायको पाणी प्यायला उठली होती, म्हणून वाचली. आठवड्यापूर्वी इंजिन जुळवलं होतं डिंगोरे गावच्या फिटरने. त्याने मुद्दाम बोल्ट ढिले सोडले, असं मालकाचं म्हणणं. मला हे दोनदा समजावल्यावर कळलं. घरचा नळ गळला तरी मी प्लंबरला हात जोडणारा माणूस.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, फिटर समद्यांसमोर म्हणला व्हता, हे इंजिन परत माझ्याकडंच येनार."

झालं! मला धमकी सापडली. फिटरला बोलावून तीन तास तेच तेच विचारलं.

"म्हणलो व्हतो," तो वैतागला. "पन 'तुमी हात लावला तर' असं म्हणलो व्हतो. ते न्हाई सांगितलं तुमच्या त्या सांगनाऱ्यानं. साहेब, ह्या लफड्यात माझं दुकान बसंल. एकदा इंजिन तरी बघा."

मी तोवर इंजिन पाहिलंच नव्हतं. फिटरला आणि पंचांना घेऊन गिरणीवर निघालो.

रॉडला दोन बोल्ट. नवेच घ्यायचे, आट्यांना तेल लावायचं, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने आळीपाळीने ठरल्या मापापर्यंत आवळायचे, ही फिटरची पद्धत. शेवटी बोल्टच्या डोक्यावरून रॉडच्या टोपीपर्यंत, म्हणजे बोल्ट ज्या तुकड्याला धरून ठेवतात तिथपर्यंत, तो बायकोच्या लाल नेलपॉलिशची सरळ रेघ ओढायचा. न तुटलेल्या बोल्टवर ती रेघ होती, पण दुभंगलेली. डोक्यावरचा तुकडा चांगला पाव फेरा पुढे गेला होता. बोल्ट ढिला पडला असता, तर मागे फिरला असता. हा नंतर कुणीतरी आवळला होता. तुटलेला बोल्ट तर तुटल्या जागी ताणला जाऊन बारीक झालेला; फिटर म्हणाला, हे जास्त आवळल्याचं लक्षण.

"इंजिनाचं झाकण नंतर कुणी उघडलं होतं?" मी मालकाला विचारलं.

"मीच की!" तो छाती काढून म्हणाला. "हाताला जरा मऊ लागलं, राव. मंग पान्याला पायपाचा तुकडा लावला आन् दोन्हीला दिला एकेक हिसका. घट्ट असल्यालं बरं न्हाई का?"

"मग हे सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं?"

मागून त्याची बायको म्हणाली, "अजून इचारा. घरातल्या दोन नळांच्या चाव्याबी ह्यांनीच पिळून तोडल्यात."

फिटर हसला नाही. "आता हे गावात तुमच्या तोंडानं सांगा, साहेब," एवढंच म्हणाला. मी मालकाला शेजारी घेऊन पारावर उभा राहिलो आणि सांगितलं. माझ्या तीन तासांबद्दलही सांगितलं. ते जास्त जड गेलं.

त्यानंतर तक्रार लिहून घेण्याआधी मी एक प्रश्न हमखास विचारायचो: "वस्तूला हात कुणाकुणाचा लागला, तुमचा धरून?" बरेच तक्रारदार "जरा चहा घेऊन येतो" म्हणून उठायचे आणि परत येत नसत.