नवशाने गिळलेला ‘खट्’

सकुबाईचं ताकाचं मडकं माझ्या हातून फुटलं, तेव्हा मी पत्र्याच्या ताटल्या दाबण्याचं मशीन झालो होतो.

म्हणजे डाव्या पायाने धप्पकन जमीन हाणायची, मग उजवा हात वर नेत उडी मारायची, असं माझं चाललं होतं. वर नेलेला हात शिंक्याला लागला, मडकं खाली आलं आणि ताक माझ्या कोटावरून ओघळत थेट धोतराच्या निऱ्यांत शिरलं. दाराशी जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मी टोपी काढून उभा राहिलो. ती का काढली, कुणास ठाऊक. खाटेवर डोळे मिटून पडलेला सकुबाईचा नवरा धाऊ तेवढा हसला नाही.

“मडक्याचा आवाज मशीनमदी नाय ना?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग तो सोडा. बाकीचा परत काढा.”

ओल्या धोतराने मी पुन्हा धप्प केलं. धाऊने खाटेखाली हात सोडून सारवलेल्या जमिनीला तळवा लावला आणि म्हणाला, “पट्ट्याचा सांधा सुटत आलाय. शिवून घ्या.” मुरबाडला परतून पाहिलं, तर सांधा सुटत आलेला होता.

ही लढाईच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या नथूशेठनी मुरबाडला एक शेड उभारून पलटणीसाठी पत्र्याच्या ताटल्या काढायचा कारखाना घातला होता. कारखाना म्हणजे तेलावरचं एक इंजिन, एक लांब पट्टा आणि एक प्रेस. खाली साचा, वर मणभर लोखंडाचा ठसा. मधे पत्रा ठेवला की ठसा धप्पकन खाली यायचा आणि ताटली व्हायची. मी तिथला कारकून. ताटल्या मोजणं हे माझं काम. मशीन होणं हे माझ्या कामात नव्हतं, पण धाऊ भाताच्या उडवीवरून पडला आणि ते माझ्याकडे आलं.

धाऊ टोकावड्याचा. तरुणपणी मुंबईत ट्रंकांच्या कारखान्यात प्रेसवर राबला, मग गावी येऊन भाताला लागला. नथूशेठनी त्याला शोधून आणलं, ते त्याच्या कानासाठी. मशीनला हात न लावता, शेडबाहेर विडी ओढत तो सांगायचा, काय ढिलं झालंय. ही खोड घरीही होती. शेजारी कुणी दळायला बसलं की हा खाटेवरून ओरडायचा, “जिवले, खुंटा ठोकून घे गो.” माळशेजच्या वाटेवर कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्विस मोटार यायची. ती वळणावर असतानाच हा म्हणायचा, “बुधूच्या मागल्या चाकाचा नट ढिला.” ड्रायव्हर बुधू त्याला फार भ्यायचा. धाऊच्या घरापुढून जाताना तो मोटार अगदी हळू न्यायचा.

मोडलेला पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला असल्यामुळे त्याला मुरबाडला आणता येत नव्हतं. मग आवाजच त्याच्याकडे न्यायचा, असं ठरलं. पहिल्यांदा मी कागदावर ‘चमत्कारिक आवाज येतो’ असं लिहून नेलं होतं. ते ऐकून धाऊ म्हणाला, “कागूद नको. अंगानं काढा. पायाला वजन पायजे.” पुढचं मडकं तुम्हाला ठाऊक आहे.

पुन्हा आवाज बिघडला तेव्हा मी शेठना म्हटलं, “प्रेसवर नवशा बसतो. त्याचाच हात ठशाखाली जातो. आवाज त्याच्याइतका कुणाला ठाऊक? त्यालाच पाठवा.” हे खरं होतं. मला मडक्याची लाज वाटत होती, हे त्याहून खरं होतं. शेठ म्हणाले, “दोघं जा.”

नवशा धाऊचा जावई. चिमीशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं. सासुरवाडीत पाऊल टाकताच पाय धुवायला ऊन पाणी आलं, घोंगडी अंथरली गेली, परड्यातली कोंबडी ओरडायला लागली. नवशा टोपी नीट करून घोंगडीवर असा बसला, जसा काही फोटो काढायचा आहे. समोर सासू, दारात शेजारणी, आणि त्यांच्यामागे माहेरपणाला आलेली चिमी.

“काढा आवाज,” धाऊ म्हणाला.

नवशाने बसल्या बसल्या बोटाने घोंगडीवर टिचकी मारली आणि देवळात बोलावं तसं म्हणाला, “धप्प... धप्प...”

“इतकंच?”

नवशाने एकदा सासूकडे पाहिलं. “इतकंच, मामा.”

इतकंच नव्हतं. ठसा वर उठताना एक ‘खट्’ व्हायचा, बारीक पण कडक. तो काढायचा तर उठून उडी मारायला हवी होती. नवशाने तो गिळला, हे मला कळलं. पण माझ्या डोक्यावर सकुबाईने नवं मडकं टांगलं होतं. मी त्या मडक्याकडे पाहत गप्प बसलो.

“तेल घालून बघा,” धाऊ म्हणाला, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

कोंबडी खाऊन आम्ही निघालो. ओढ्यापाशी नवशा थांबला. “भाऊसाहेब, खट् राहिला.”

“मग चल माघारी.”

“मामीपुढं उडी मारू? चिमी मला जन्मभर सोडायची नाय. तुमी मारा.”

मी कोटावरचा ताकाचा डाग पाहिला. आम्ही मुरबाडला आलो आणि तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी ठशाचा बोल्ट निसटला. ठसा तिरपा होऊन खाली आला. ताटली उचलायला नवशाच्या हातात बांबूचा चिमटा होता, त्याचा भुगा झाला. चिमट्यामागे वीतभर अंतरावर नवशाचा हात होता. तो बराच वेळ तो हात दुसऱ्या हातात धरून बसला.

नथूशेठ आले आणि म्हणाले, “म्हाताऱ्याचा कान गेला. पाय बरा झाला तरी त्याला आता नको. मुंबईचा फिटर बघतो.” नवशाने माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्याकडे पाहिलं. पट्टा अगदी उत्तम होता.

बातमी बुधूच्या मोटारीने आमच्याआधी टोकावड्याला पोचली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा पाणी आलं नाही, घोंगडी आली नाही. धाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“कालधरनं मला बांगड्या वाजवायला लावतोय,” सकुबाई म्हणाली. “ऐकू येतंय का बघतोय. जेवला पन नाय.”

“माझा कान गेला,” धाऊ भिंतीला म्हणाला. “पोरीचं कुंकू जात होतं माझ्या हातनं. शेठला सांगा, दुसरा मानूस बघ म्हनावं.”

बाहेर बुधूची मोटार गेली. धाऊने चाकाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

नवशाने टोपी काढून चिमीच्या हातात दिली. मधोमध उभा राहिला, पाय उचलून असा आपटला की भांड्यांची उतरंड हलली, आणि हात वर नेत उडी मारून त्याने जिभेने कडक आवाज काढला. धप्प, खट्. धप्प, खट्. पाठीमागे कुणीतरी फिस्सकन हसलं. नवशाचे कान लाल झाले, पण पाय थांबला नाही.

धाऊचा तळवा जमिनीवर आला. “परत.”

धप्प, खट्.

“ठशाचा बोल्ट,” धाऊ वळून म्हणाला. “हा खट् परवा व्हता?”

“व्हता, मामा.”

“मग?”

“मामी पुढ्यात बसल्या व्हत्या.”

“माझ्या नावावर घालू नको,” सकुबाई म्हणाली. “लग्नात ढोलापुढं लोळून लोळून नाचला तो कोन व्हता रे? तवा मी काय डोळे बांधून बसलेले?”

नवशा खाली बसला. आता सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण उभा मी एकटाच होतो. शिंकं माझ्या कानाशी हलत होतं.

“धाऊबा,” मी म्हटलं, “तो जावई, त्याला लाजायला कारण होतं. मी कोण? मला खट् ठाऊक होता, आणि शेठ तुमच्या कानाला बोलले तेव्हाही मी गप्प होतो. आता मी काय करू, ते तुम्हीच सांगा.”

धाऊने मला कोटापासून चपलांपर्यंत पाहिलं.

“हीच उडी शेठच्या पुढ्यात मारा.”