कडीच्या डब्यातली फणी

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. तेव्हा मी सोलापूर-बार्शी रस्त्यावर माझा स्वतःचा ट्रक चालवायचो. स्वतःचा म्हणजे दोघांच्या हातून फिरून तिसऱ्यांदा माझ्या गळ्यात पडलेला, लांब नाकाचा आणि चढ आला की कण्हायला लागणारा. मला राग लवकर यायचा, आणि ट्रकला कुणी नाव ठेवलं तर त्याहूनही लवकर. बायको म्हणायची, "मला कुणी काय बी बोललं तर तुमी गप. गाडीला बोललं की लगेच बाह्या वर." ते खरंच होतं.

आमची गल्ली विणकरांची. आमचं एकच घर लिंगायताचं, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारं. बाकी सगळी तेलुगू घरं, आणि घराघरात माग. समोरच्या घरात दोन माग होते. नवरा आणि त्याचा भाऊ विणायचे, बायको सूत रंगवायची. तिला मी अक्का म्हणायचो, तिच्या नवऱ्याला अण्णा, आणि ती दोघं मला तम्मुडू म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. मिलचा सकाळचा भोंगा झाला की अक्का धुतलेल्या पांढऱ्या सुताच्या ओल्या लडी दारापुढच्या बांबूंवर टांगायची. त्याच सुमाराला मी समोर ट्रक चालू करायचो. इंजिन तापेपर्यंत ते दहा-पंधरा मिनिटं उभ्या जागी धडधडत ठेवावं लागे, नाहीतर पुढच्या चौकात मान टाकायचं. अशी कित्येक वर्षं गेली आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग एका दुपारी अक्का गडद लाल रंगवलेली लड घेऊन आमच्या दारात आली.

"हे बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. मला लाल सूत दिसलं. मग तिने लड दोन्ही हातांत ताणून उन्हात धरली, जरा तिरकी केली, आणि मला ते दिसले. बारीक फिकट ठिपके, लालावर मिठाचे कण उडाल्यासारखे.

"तुझ्या गाडीमुळं हाय हे."

झालं, माझ्या बाह्या वर. "गाडीच्या धुरानं काळं पडतंय अक्का. हे तर फिकट हाय. तुमचा रंगच कच्चा असंल की."

जन्मभर रंगाच्या हंड्यापाशी बसलेल्या बाईला मी हे बोललो. आज आठवलं तरी कान गरम होतात. ती चिडली नाही. म्हणाली, "तेच सांगतेय. धूर असता तर काळं पडलं असतं. रंग चढला न्हाय, म्हंजे तितं आदी तेल बसलं हुतं. तेलावर रंग चढत न्हाय. चालू कर गाडी."

मी गाडी चालू केली. अक्का एक पांढरी लड घेऊन ट्रकभोवती फिरली. सायलेन्सरपाशी थांबलीसुद्धा नाही. बॉनेटच्या डाव्या अंगाला इंजिनाच्या पोटातून एक नळी खाली येते, तिथे ती वाकली आणि लड धरून उभी राहिली. लडीवर मला काहीच दिसेना. तिने सूत दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि घरी नेऊन उरल्या रंगात बुडवलं. संध्याकाळी ती वाळलेली लड माझ्या हातात ठेवली. नुसते ठिपकेच ठिपके. मी अकरा वर्षं गाड्या हाकत होतो आणि त्या बाईने बोटांनी माझ्या इंजिनाचं दुखणं ओळखलं होतं. मी तोंडात बोट घालायचा तेवढा राहिलो.

ती नळी म्हणजे ब्रीदर. इंजिनात डिझेल पेटतं तेव्हा त्याचा थोडा जोर पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटून खाली तेलाच्या पोटात शिरतो. तो कोंडून राहिला तर इंजिन फुगेल, म्हणून त्याला बाहेर जायला ही वाट ठेवलेली असते. नव्या इंजिनातून जेमतेम फुंकर येते. माझ्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या होत्या, त्यामुळे ते तेलाची वाफ ओकत होतं, आणि पुढचा पंखा ती वाफ गल्लीभर उडवत होता. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, "सिलिंडर आतनं घासून बोअर करू म्हणलं तर आता आत लोखंडच उरलं न्हाय."

अक्काच्या दारी काय येऊन ठेपलं होतं ते अण्णाने सांगितलं. सूत देणाऱ्या व्यापाऱ्याने ठिपक्यांचा एक माल परत पाठवला होता. पुढच्या खेपेला पुन्हा ठिपके निघाले तर या घराला सूत बंद. सूत बंद म्हणजे दोन्ही माग बंद. अण्णाला दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचं वयही राहिलं नव्हतं. पुढचं सूत दहा-बारा दिवसांत येणार होतं. गल्लीत पुरेसं ऊन फक्त तिच्या दारात, आणि ट्रक उभा राहील एवढी जागा फक्त माझ्या दारात. मोठ्या रस्त्यावर मी तो एकदा ठेवून बघितला होता, तेव्हा सकाळी ताडपत्रीही नव्हती आणि डिझेलही नव्हतं.

मी अण्णाला म्हणालो, "तेल बाहेरच येऊ देत न्हाय. नळीलाच डबा लावतो."

बायको मला ज्यात जेवण बांधून द्यायची तो पितळी कडीचा डबा होता. तोच घेतला. झाकणाला दोन भोकं पाडली, दोन नळ्या बसवून डाख दिला. झाकणाखाली जुन्या ट्यूबची रबरी चकती कापून घातली, म्हणजे कडी लावली की वारा निसटायला नको. ब्रीदरपासून डब्यापर्यंत रेडिएटरचा जुना पाइप जोडला. आणि आत तेल अडवायला काय घालायचं? सोलापूरकराला हा प्रश्न पडतच नाही. हात पुसायला सूत, भोक बुजवायला सूत, स्टो पेटवायला सूत. मागावरचं टाकाऊ सूत मी डब्यात अंगठ्याने दाबदाबून ठासलं. काम फक्कड झालं म्हणून स्वतःवर खूशही झालो.

बार्शीला निघालो. वैराग ओलांडल्यावर चढाला बॉनेटखालून काहीतरी उडाल्याचा आवाज आला आणि तेलाचा उग्र वास केबिनमध्ये शिरला. उतरून बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी आपल्या भोकातून उडून बाहेर पडली होती आणि सगळं इंजिन तेलाने न्हालं होतं. डबा काढून बघितला तर आतलं सूत तेल पिऊन चिखलाच्या गोळ्यासारखं झालेलं. वाट बंद झाली होती. मी पाइप मोकळा सोडला आणि इंजिन पुन्हा चालू केलं. तेव्हा त्या नळीतून एक लांब फुंकर आली, मग दुसरी, आणि मग ते शांत लयीत चालायला लागलं.

मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. रागवायचं होतं, पण राग येईना. मी रोज ज्याला लाथा घालत होतो, शिव्या घालत होतो, ते लोखंड श्वास सोडत होतं आणि मी त्याच्या नाकातोंडात बोळा कोंबला होता. नळीपुढे तळहात धरला. उबदार वारा हाताला लागत होता, थांबत होता, पुन्हा लागत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या ट्रकची थोडी भीती वाटली आणि खूप नवल वाटलं.

परत आल्यावर तो तेलकट गोळा मी अण्णाला दाखवला. तो मनापासून हसला. "खरा सोलापूरचा हायस. काय बी झालं की सूत कोंब." मग त्याने गोळा पिळला आणि हसू आवरलं. "सूत पितं, तम्मुडू. पोट भरलं की वाट अडवतं. तुला वाट दिऊन धरणारं पायजे."

तो आत गेला आणि मोडकी फणी घेऊन आला. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा न धागा या फणीच्या पोलादी दातांमधून जातो. हातभर रुंदीत शेकडो दात, सगळे सारख्या अंतरावर. "हिला गंज कुटं चढलाय बघ," तो म्हणाला. गंज फक्त खालच्या काठाला होता. "पावसाळ्यात हिच्यावर हवेतला ओलावा बसतोय. दिसत न्हाय, पण दातावरनं उतरत उतरत खाली जमतोय. वारा मात्र आरपार जातोय. तुझं तेल बी असंच खाली येईल."

चाळीस वर्षं माग चालवताना त्याने फणीवरचा गंज खालीच का चढतो हे बघून ठेवलं होतं, आणि ते आज माझ्या इंजिनाला उपयोगी पडत होतं.

मी करवतीने फणीचे डब्याच्या मापाचे तीन तुकडे केले. पण फणीचे दात दोऱ्याने आणि डांबराने बांधलेले असतात, इंजिनाच्या उष्णतेत ते वितळलं असतं. म्हणून अण्णाने तीनही तुकडे उकलले आणि एकेक दात पितळेच्या बारीक तारेने पुन्हा बांधला. त्या दुपारी त्याचा माग बंद होता, आणि विणकराचा माग दुपारचा बंद असणं म्हणजे घरात कुणीतरी आजारी असणं. येणारा-जाणारा डोकावून विचारायचा. अण्णा मान वर करत नव्हता, त्याची बोटंच बोलत होती. दोन दातांमधलं अंतर मला दिसतही नव्हतं. त्याने मोजपट्टी एकदाही घेतली नाही. शेवटी मी एक धागा घेऊन प्रत्येक फटीत घालून बघितला. सगळीकडे तो तेवढाच घट्ट बसला.

तीनही तुकडे डब्यात उभे बसवले, प्रत्येक जरा फिरवून, म्हणजे वाऱ्याला सरळ पळता येऊ नये. आत येणारी नळी बुडापर्यंत नेली, बाहेर जाणारी वरच ठेवली. बुडाला जुन्या बंबाची तोटी डाखली. डबा इंजिनापासून लांब, पुढच्या मडगार्डच्या आतल्या अंगाला, वारा लागेल असा बांधला, कारण वाफ थंड झाल्याशिवाय तिचं तेल होत नाही.

बार्शीची एक खेप केली. तेलाची पट्टी जागच्या जागी होती. घरी येऊन अक्का-अण्णांसमोर तोटी सोडली. आधी काहीच आलं नाही. मग दुधाळ चहासारखं पाणी आलं, आणि त्याच्यामागून काळं, जाड तेल, वाटीभर. अक्काने वाटी उचलून उजेडात धरली.

"एवढं आमच्या सुतावर बसत हुतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. एवढं तेल रोज माझ्यासमोरून हवेत जात होतं आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

व्यापाऱ्याचं सूत आलं. मी अक्काला म्हणालो, "पहिल्यांदा एकच लड टांगा. बघू, मग बाकीचं."

"एका लडीनं काय कळतंय? वारा एका जागी ऱ्हातोय का?" असं म्हणून तिने सगळं सूत टांगलं. सगळं. एक लड तर तिने पार माझ्या मडगार्डला टेकेल इतक्या जवळच्या बांबूवर नेऊन अडकवली. "आता चालू कर. रोज जेवढा वेळ ठेवतोस तेवढाच ठेव."

मी स्टिअरिंगवर बसलो आणि इंजिन चालू केलं. अण्णा दारात उभा होता. पंधरा मिनिटं इंजिन धडधडलं, समोर सगळं पांढरं सूत हलत होतं आणि त्यावर काही बसतंय का ते कुणालाच दिसू शकत नव्हतं. ते रंग दिल्यावरच कळणार होतं, तोही वाळल्यावर. मी इंजिन बंद केलं आणि त्या दिवशी खेपेला गेलोच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काने रंग दिला. ओलं सूत सगळंच एकसारखं दिसतं, त्यामुळे तेव्हा काहीच कळेना. उन्हं कलायला आली तेव्हा लडी वाळल्या. अक्काने एकेक उतरवली, ताणून धरली, तिरकी केली, बोटांतून सरकवली आणि मांडीवर ठेवली. दहा झाल्या, वीस झाल्या. अण्णा तिच्याकडे बघत नव्हता, तो मागाच्या दोऱ्या उगाचच सारख्या करत होता. शेवटची लड बघून झाली, तीही तिने मांडीवर ठेवली. माझा धीर सुटला.

"अक्का, गाडीजवळची लड कुटली? ती तरी दावा. तिच्यावर किती हायत ते बघू."

तिने मांडीवरचा ढीग पुन्हा उलगडला. एक लड उचलली, उन्हात धरली, खाली ठेवली. दुसरी उचलली. तिसरी. मग थांबली.

"खूण केली नव्हती मी," ती म्हणाली. "म्हणलं, नजरेला कळंलच की."

"मग?"

"न्हाय कळत. ठिपका एकीवर बी न्हाय." तिने सगळ्या लडी एकत्र करून छातीशी धरल्या आणि अण्णाला हाक मारून तेलुगूत काहीतरी सांगितलं. ती इतकं भरभर बोलली की मला त्यातला एकही शब्द धरता आला नाही. आत अण्णाचा माग चालू झाला, आणि जरा वेळाने दुसराही.