आत्याचं मत कोणी टाकलं?

त्या काळी मत द्यायला फोटोचं ओळखपत्र लागत नसे. यादीत नाव असलं, ते नीट सांगता आलं आणि समोर बसलेल्या पक्षांच्या एजंटांपैकी कोणी हरकत घेतली नाही, की बोटाला शाई लागायची. आमच्या महाल मोहल्ल्यातल्या बूथवर हे एजंट म्हणजे गल्लीतलेच लोक.

सत्तरच्या दशकातली ती निवडणूक माझी पहिली. माझी विधवा आत्या आमच्याकडेच राहायची. कुही गावाकडच्या शेतीवाल्या घरात नांदलेली, आवाज खणखणीत. आदल्या संध्याकाळी शेजारचा एजंट चिठ्ठ्या वाटत आला. चिठ्ठीवर यादीतला क्रमांक, नाव, नवऱ्याचं नाव, सगळं असे. आम्हा सगळ्यांच्या मिळाल्या, आत्याची नाही. "तुमची सापडून नाही राहिली, आत्याबाई. उद्या तिथंच देतो," म्हणाला आणि तिच्या हातचा चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतल्या केंद्रावर माझं मत झालं. माझ्यामागे आत्या होती. कारकुनानं यादीवर बोट ठेवलं आणि थांबला. "बाई, तुमचं मत तर सकाळीच होऊन गेलं."

"माह्यं? मी तं आता येऊन राहिली!" तिनं डावा हात पुढे केला. बोट कोरं होतं.

केंद्राध्यक्षांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नवऱ्याचं नाव?"

आत्यानं ते जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. तिनं पदर घट्ट धरला आणि मोठ्यानं सांगून टाकलं.

"सकाळच्या बाईनंही हेच सांगितलं."

आत्या कालच्या त्या एजंटाकडे वळली. "काय गा, तू सांग न. कोण होय मी?"

त्यानं यादीतून डोकं वर काढलं नाही. "पाहिल्यासारखं वाटते... पण गल्लीत इतक्या बाया. खात्रीनं कसं सांगू?"

मी बोलायला लागले, तर "तुम्ही घरच्याच," म्हणून मला गप्प केलं. तेवढ्यात रांगेतून समोरच्या घरातली बाई पुढे आली. नळावरच्या भांडणापासून तिचं आणि आत्याचं बोलणं बंद होतं. "तेच होय ती, साहेब. माह्याशी बोलत नाही, पण तेच होय."

शेवटी आत्याला वेगळी मतपत्रिका मिळाली. ती पेटीत नाही, पाकिटात गेली. "हे मोजता ना?" तिनं विचारलं.

"कोर्टानं मागितलं तर," केंद्राध्यक्ष म्हणाले.

घरी येताना मला वाटलं, आता समोरच्या घराशी तरी समेट होईल. आत्या वेगळ्याच विचारात. "तिनं काहून साक्ष दिली वं? तिनंच तं नसन टाकलं?"

"तिचं बोट कोरं होतं, आत्या."

"पपईच्या चिकानं निघते शाई."

त्यानंतर कितीतरी दिवस ती नळावर हंडा धरलेल्या बायांची बोटं पाहायची. एजंट आमच्या दारावरून जाईनासा झाला. आमचा संशय त्याच्यावरच होता, पण त्यानं कोणाला उभं केलं ते कधीच कळलं नाही.

पुढच्या निवडणुकीत आत्या केंद्र उघडण्याआधीच दारात जाऊन बसली. पहिली आत गेली, विचारण्याआधीच नवऱ्याचं नाव सांगितलं आणि मत पेटीत टाकलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "झालं ना आता मनासारखं?"

तिनं शाळेच्या बंद खिडकीकडे पाहिलं. "टाकलं तं मीच," ती म्हणाली. "पण मोजणारे कोण होय, ते विचारून ये बरं."