बॉल सांगणारी अक्का

लिहायला बसलो आहे आणि पहिल्याच ओळीत माफी मागावीशी वाटते. लिहिणं हे आमच्या घरचं काम नाही. माझ्याआधी आमच्या घरात सहीपलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही. ज्या खेळाबद्दल लिहायचं आहे तो मी कधी खेळलो नाही, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांचं माझ्या हातून नुकसान झालेलं आहे. तरी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

अक्का बोलायला लागल्या की डावा तळहात डाव्या कानावर दाबायच्या. समोर माणूस असो, गाय असो, मारुती असो, हात कानावर. धुळ्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलचे दिवस होते. "बोला, लाइन चालू आहे," हे वाक्य दिवसातून शेकडो वेळा म्हणून त्यांच्या जिभेवर बसलं होतं. गावात त्यांचा आवाज ओळखत नाही असा व्यापारी नव्हता, आणि चेहरा ओळखतो असाही नव्हता. बाजारात त्यांनी "अर्धा किलो गिलके द्या" म्हटलं की शेजारचा अनोळखी माणूस वळून बघायचा. "ताई, आम्हाला चाळीसगाव तुम्हीच लावून देता ना?"

अक्का म्हणायच्या, "हो. पण गिलके मी माझे घेते."

मी नरडाण्याजवळच्या खेड्यातून धुळ्याला शिकायला आलो होतो. आमच्याकडे कबड्डी, कुस्ती. फुटबॉल मी पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. हिवाळ्यात गिरणीच्या मैदानावर स्पर्धा व्हायची आणि होस्टेलची सगळी मुलं जायची, म्हणून मीही गेलो. बावीस माणसं पळताना दिसली. कोण कुणाचा, कशाला पळतो, काही कळेना. लोक ओरडले की मीही जरा उशिरा ओरडायचो. नवख्या माणसाची ही लबाडी तुम्हीही कधी केली असेल.

कर्ण्यावरून सर बोलत असत. सर राज्याकडून खेळलेले. गुडघा गेल्यामुळे खेळ सुटला होता, आणि गावात त्यांचा मोठा मान होता. पण त्यांना बोलता बोलता स्वतःचे सामने आठवायचे. "अशाच एका कॉर्नरला आम्ही काय केलं होतं…" म्हणून ते सुरू झाले की समोर काय चाललंय ते राहूनच जायचं. एकदा त्या आठवणीत असतानाच गोल झाला. मैदान उसळलं, आणि सरांचा आवाज कर्ण्यातून आला, "कोणी मारला?" सगळं मैदान हसलं. सरही हसले. मनाचे ते मोकळे होते.

त्याच दिवशी मला अक्का सापडल्या. बांधाजवळ लिंबाखाली घडीच्या खुर्चीवर एक म्हातारे बसले होते, काळा चष्मा, हातात काठी. ते अक्कांचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणत. एके काळी ते गिरणीच्या संघात हाफबॅक होते. काचबिंदूने डोळे गेले तरी सामना सोडवत नव्हता. शेजारी मातीत बसून अक्का खालच्या आवाजात सांगत होत्या.

"बॉल कोठे शे?" आबा विचारायचे.

"आपल्या बॅककडे. उजव्या अंगाला. पुढे रिकामं आहे. दिला. नाही, अडवला. बाहेर. थ्रो आपला."

कधी अक्कांच्या तोंडून निघून जायचं, "अगं बाई, काय सुंदर मारला!" की आबांची काठी त्यांच्या पायाला लागायची. "सुंदर नको सांगू. बॉल सांग."

मी हळूहळू सरकत त्यांच्याजवळ गेलो. डोळे असून मला जे दिसत नव्हतं ते त्या सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी मागे वळून पाहिलं तर पंधरा-वीस माणसं कर्ण्याकडे पाठ करून तिथे उभी होती. एकजण म्हणाला, "बाई, जरा मोठ्यानं."

उपांत्य सामन्याच्या दिवशी सरांचा घसा बसला. शब्द फुटेना. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाची माणसं घाबरली. सरांनीच बोट उचललं आणि लिंबाकडे दाखवलं.

अक्का उभ्या राहिल्या आणि तशाच थांबल्या. "मी? मी कधी बॉलला पाय लावलेला नाही."

"जाय ना," आबा म्हणाले. "माले आठे ऐकू यी." कर्णा लिंबापर्यंत ऐकू येत होता.

अक्कांनी माइक हातात घेतला, डावा कान दाबला आणि सवयीने म्हणाल्या, "लाइन चालू आहे." मैदान खदखदून हसलं. पलीकडच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "बाई, चुलीवर भाजी जळते की काय पाहा!" नेमका त्याच वेळी बॉल बाहेर गेला आणि त्या माणसाच्या पायाशी थांबला. अक्का म्हणाल्या, "भाजी मी पाहते, भाऊ. तुमच्या पायाशी बॉल आहे, तो आत टाका. सामना थांबला आहे." मग मात्र हसण्याची दिशा बदलली.

अक्का माइकवर शुद्ध बोलायच्या, एक्सचेंजमध्ये बोलायच्या तसं. पण बॉल पळायला लागला की त्यांची घरची भाषा पुढे धावायची. "डावीकडे शे. एकटा शे. गोलकीपर पुढे आला शे…" कचेरीत, कॉलेजात आम्ही 'आहे'च्या जागी येणारा हा 'शे' गिळायला शिकलेले. माझं तर वर्गात त्यावरून हसं झालं होतं. त्या दिवशी तो कर्ण्यातून साऱ्या मैदानावर ऐकू आला आणि कोणी हसलं नाही. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही.

सामना संपल्यावर आबांनी निकाल दिला, "तीन येळा चुकनी." अक्कांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते.

पुढच्या हिवाळ्यापासून दोघं शेजारी बसू लागले, सर आणि अक्का. भांडणं खूप व्हायची, आणि माइक चालू असताना व्हायची.

"अक्का, बॅक चुकला म्हणालीस. तो चुकला नाही. त्याचा गुडघा वळला. खेळलेल्या माणसालाच दिसतं ते."

"मग ते तुम्ही सांगा, सर. पण बॉल गेला कुठे ते आधी मला सांगू द्या."

मी कॉलेजच्या भित्तिपत्रकात यावर लिहिलं. खेळलेल्याला दुखणं कळतं आणि पाहणाऱ्याला मैदान कळतं, असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'बाईनं बाईचं काम करावं.' अक्कांना ते सांगताना मला लाज वाटली. त्या म्हणाल्या, "पेन्सिलीनं लिहिलंय ना? मग त्याची स्वतःचीच खात्री नाही."

मी शेवटच्या वर्षाला असताना आबांना अर्धांगवायू झाला. खुर्चीवरून खाटेवर आले. मैदान संपलं. त्याच सुमारास जळगावला मोठी स्पर्धा ठरली. अंतिम सामन्याचं धावतं वर्णन रेडिओवरून जाणार होतं आणि स्पर्धेच्या समितीने त्यासाठी अर्ज मागवले होते. अक्कांनी ते कात्रण घरी आणलं. आबांना ते कळलं तेव्हापासून येईल त्याला ते सांगू लागले. जीभ जड झाली होती, तरी सांगायचे, "मन्ही पोर रेडिओवर बोलनार शे. मी आठे पडीसन ऐकसू." डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की पावसाळा दिसेल असं वाटत नाही.

अर्ज भरायला अक्कांनी मला बोलावलं. इथे मला थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जात 'इतर उत्पन्न' या रकान्यात मी 'निरंक' असं लिहिलं होतं. हा शब्द मी तलाठ्याच्या कागदावर पाहिला होता. काही नाही, असं सरकारी भाषेत सांगायचं असलं की तो लिहितात. कॉलेजचे हेडक्लार्क माझा अर्ज सगळ्यांना दाखवत म्हणाले होते, "याला म्हणतात अर्ज भरणं." शहरात माझं झालेलं ते पहिलं कौतुक. तेव्हापासून मी तो शब्द जपून ठेवला होता.

अक्कांच्या अर्जात एक रकाना होता, 'खेळाडू म्हणून अनुभव, पातळी नमूद करावी.'

अक्का म्हणाल्या, "लिही, मी खेळले नाही. पण आबांना नऊ वर्षं सामने सांगितले. एकही गोल चुकवला नाही."

मला ते वाक्य अर्जात बसेना. घरातलं बोलणं वाटलं. साहेब लोक हसतील असं वाटलं. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'निरंक.' खाली 'इतर माहिती' असा रकाना होता. तो मोकळा बरा दिसत नव्हता. तिथेही लिहिलं, 'निरंक.' अक्कांनी न वाचता सही केली. "तू शिकलेला आहेस," म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'खेळाचा अनुभव निरंक असल्याने अर्ज विचारात घेता येत नाही.'

अक्कांनी ते दोनदा वाचलं. "निरंक म्हणजे काय रे भाऊ?"

"काही नाही, अक्का."

"काही नाही काय? सांग ना."

"म्हणजे… काही नाही, असाच अर्थ आहे त्याचा."

"आबांचं नाही लिहिलंस?"

मी नकारार्थी मान हलवली. आतून आबांनी पाणी मागितलं. अक्का उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुझं." टोमणा नव्हता तो. त्यांना माझ्याबद्दल खरोखरच काहीतरी बरं बोलायचं होतं. त्या रागावल्या असत्या तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

मित्र म्हणतात, ते वाक्य लिहिलं असतंस तरी त्यांनी नाकारलंच असतं. असेल. पण मग ते त्यांनी नाकारलं असतं. मी नाकारलं नसतं.

सामन्याच्या दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. न जाण्याची हिंमत नव्हती. आबांना खरं सांगितलं होतं. ते फक्त म्हणाले होते, "बरं." उशाशी रेडिओ ठेवलेला. बोलणारा मोठा खेळाडू होता, आवाजही भारदस्त. तो मैदानाबद्दल बोलला, पाहुण्यांबद्दल बोलला, आपल्या एका जुन्या दौऱ्याबद्दल बोलला. मागे प्रेक्षकांचा आवाज चढत होता, उतरत होता.

आबा अस्वस्थ झाले. "बठ्ठा लोके वरडी राह्यनात. बॉल कोठे शे?"

रेडिओ काही सांगेना.

"कोठे शे, पोरी?"

अक्का खाटेच्या कडेला बसल्या. डावा हात कानावर गेला आणि त्या सांगू लागल्या. "उजवीकडे शे, आबा. आपला शे. एकाला चुकवलं." नुसत्या गर्दीच्या आवाजावरून त्या सांगत होत्या. ओरडा चढला की बॉल पुढे न्यायच्या, हाय निघाली की बाहेर घालवायच्या. मधूनच रेडिओवरचा माणूस एखादं नाव घ्यायचा, ते त्या अलगद आपल्यात घ्यायच्या. धुळ्यातल्या त्या खोलीत बसून मी जळगावचा सामना पाहिला. तो खरा किती आणि अक्कांचा किती, हे मला आजही माहीत नाही. एकदा रेडिओने सांगितलं की दुसऱ्या संघाचा गोल झाला, आणि अक्कांचा बॉल त्या वेळी भलत्याच टोकाला होता. त्या गोंधळल्या. डोळे भरून आले. आबांनी चालत्या हाताने चाचपून त्यांचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं. "चाली जाय," म्हणाले, चालून जाईल अशा सुरात. "एक येळा चुकनी."

आबा वैशाखात गेले. पुढे धुळ्याला नंबर फिरवून थेट फोन लागायला लागला, ऑपरेटर कमी केले आणि अक्कांची बदली पिंपळनेरला झाली. माझं बी.ए. झालं, बी.एड. झालं, चाळीसगावकडे शाळेत नोकरी लागली. सुरुवातीला पत्रं झाली. त्यांची पत्रं चार ओळींची असायची. माझ्या प्रत्येक पत्रात मी माफीचं एक वाक्य लिहायचो आणि दुसऱ्यांदा उतरवून काढताना ते गाळायचो. मग तीही पत्रं थांबली. मी दोन खोल्या बदलल्या.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चाळीसगावच्या स्टँडवर सर भेटले. लंगडत माझ्याकडेच आले. गुडघा, गावाकडचं, शाळा, सगळं बोलून झालं. मी विचारलं, "अक्का कशा आहेत?"

सरांनी पिशवी खाली ठेवली. "तुला कळलं नाही? श्रावणात गेली. कावीळ झाली होती. अंगावर काढली."

मी त्यांची पिशवी उचलून बाकावर ठेवली. सर म्हणाले, "पण उन्हाळ्यात रेडिओवर सामना केला तिनं. रेडिओवाल्यांनी मला बोलावलं होतं. मी म्हटलं, ती शेजारी बसणार असेल तर येतो, नाहीतर दुसरा बघा. फार रडवलं त्यांनी मला, पण बसवली. पूर्ण सामना. मला फक्त दुखण्या-खुपण्याचं बोलू दिलं." ते थोडं हसले. "तू ऐकला असशीलच."

"नाही, सर. मला माहीतच नव्हतं."

"असं कसं? तिनं तुला कार्ड टाकलं होतं. वार, वेळ, सगळं लिहून. माझ्यासमोर पेटीत टाकलं. म्हणाली, त्याला आठ दिवस आधी मिळायला पाहिजे, म्हणजे रेडिओ कोणाकडून तरी मागून ठेवील."

त्यांची गाडी लागली. कंडक्टर ओरडत होता. पायरीवर चढता चढता सर वळले. "पत्ता बदलला होता का रे तुझा?"

मी हो म्हणालो.