इंद्रजितच्या जीपमधला तिरपा आरसा

दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवणाऱ्या इंद्रजितचा आरसा कधी सरळ नसायचा. त्यात मागची वाहनं कमी आणि मागच्या सीटवरच्या बायकाच जास्त दिसायच्या, त्यातही साठीच्या आसपासच्या. कुणाच्या भुवया त्याच्यासारख्या मध्ये जुळलेल्या दिसल्या, की उतरेपर्यंत दहा वेळा त्याची नजर वर जायची.

रोज भाजीची टोपली घेऊन येणारी चंदाबाई एकदा भर गाडीत म्हणाली, "काहून रे, दोन लेकरांचा बाप झाला, अन् आता म्हाताऱ्या पाहून राह्यला का?"

सगळी गाडी हसली. इंद्रजितही हसला, पण स्टेअरिंगवरची बोटं वाजवायची काही थांबली नाहीत. हा माणूस एका जागी टिकायचाच नाही. चहा अर्धा टाकून उठायचा, जेवताना दोनदा दारात जाऊन यायचा. बायकोला वाटायचं, धंद्याची घाई. कारण वेगळं होतं, आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

सतरा वर्षांपूर्वी त्याचे वडील भगवानराव शेवटच्या आजारात त्याचा हात धरून म्हणाले होते, "तू आमच्या पोटचा नाहीस बापू. यवतमाळच्या संस्थेतून आणलं तुले. तुले मालूम हाय हे आईले समजू देऊ नको. ते खचन." त्याने मान हलवली आणि शब्द पाळला. पण तेव्हापासून त्याला प्रत्येक चेहरा उलगडून पाहायची सवय लागली.

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस ही सवय हाताबाहेर गेली. लाडखेडला जुळलेल्या भुवयांची एक बाई उतरली. इंद्रजित चालू गाडी आणि आत बसलेले नऊ प्रवासी तसेच सोडून तिच्यामागे गल्लीत शिरला. बाईने वळून पाहिलं आणि पिशवी छातीशी धरली. "काय पाह्यजे बावा?" तिच्या आवाजात भीती होती. "काही नाही मावशी, चुकलो," म्हणत तो परतला. आपण एका म्हातारीला घाबरवलं, ही शरम दिवसभर त्याच्या मानेवर बसून राहिली.

दुसऱ्याच दिवशी तो यवतमाळला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन उभा राहिला. संस्था कधीच बंद झाली होती, पण तिची रजिस्टरं इथे आली होती. तिथल्या दिपाली मॅडमनी त्याला आधी बसवलं. तो दोनदा उठला, त्यांनी दोनदा बसवलं.

"अर्ज तुम्हीच करायचा. तुमच्या वतीनं दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही," त्या म्हणाल्या. "नोंद सापडली, की आमचा माणूस गुपचूप त्या आईपर्यंत जाईल. ती हो म्हणाली तर भेट. नाही म्हणाली तर नाव सांगणार नाही. चालेल?"

"चालन."

"दत्तकाचा कागद?"

कागद त्याने आधीच चोरून शोधला होता. वडिलांच्या पेटीत वाळवीने भुगा तेवढा ठेवला होता. मग जन्मतारखेवरून शोध सुरू झाला. एक जून सत्त्याऐंशी. मॅडमनी त्या साली संस्थेतून दिलेली सगळी मुलं पाहिली. चार मुली, दोन मुलगे. दोन्ही मुलगे नागपूरकडे दिलेले.

"ही तारीख कुणी लिहिली?"

"शाळेत मास्तरनं."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलाय! खरी तारीख आणा. निदान घरी आणलं तो दिवस तरी."

तो दिवस जगात एकाच माणसाला ठाऊक होता, आणि तिलाच विचारायचं नव्हतं.

तीन आठवडे इंद्रजित घरात येरझारा घालत राहिला. आईसमोर, इंदुताईंसमोर बसायचा, पंखा कमी करायचा, जास्त करायचा, उठून जायचा. शेवटी एका दुपारी सुपातली तूर निवडत त्या म्हणाल्या, "बोलून टाक बाप्पा. तुह्या येरझारीनं मले चक्कर येऊन राह्यली."

"आई... मले घरी कधी आणलं?"

इंदुताईंची बोटं तुरीत थांबली. मग त्या म्हणाल्या, "तान्ह्या पोळ्याले. गल्लीतले पोरं लाकडाचे बैल घेऊन दारात बोजारा मागाले उभे होते, अन् तुह्या बाबांच्या हातात तू."

बोजारा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरांना देतात तो खाऊ. दोन पोरांचा बाप झाला तरी त्या दिवशी इंदुताई पहिली करंजी इंद्रजितच्याच तोंडात घालायच्या. तो लाजायचा. आईची हौस, एवढंच त्याला वाटायचं.

"पण साल त सत्त्याऐंशीच नं?"

"कायचं! अठ्ठ्याऐंशी. शाळेत लवकर घ्यावं म्हणून मास्तरनं तुले एक वर्षानं वाढवलं. म्हणून त वर्गात सगळ्यात ठेंगणा होता तू." मग डोळ्याला पदर लावून त्या म्हणाल्या, "तुले मालूम हाय, हे मले तुह्ये बाबा गेले तवाच समजलं होतं. चेहरा लपते काय तुह्या? तू विचारशीन म्हणून मी थांबली, अन् तू सतरा वर्षं लावले!"

इंद्रजितला रडावं की हसावं कळेना. तो चक्क खाली बसला आणि तूर निवडू लागला.

दुसऱ्या दिवशी इंदुताई पुढच्या सीटवर बसून यवतमाळला निघाल्या. दिपाली मॅडमनी जुनं पंचांग मागवून तारीख काढली, रजिस्टर उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "सापडली नोंद. मुलगा, दारव्ह्याचं जोडपं. आता विचारणा करतो. महिने लागतील. नकारही येऊ शकतो."

इंद्रजित त्या बोटाखालच्या ओळीकडे पाहत राहिला. मॅडमनी रजिस्टर हळूच मिटलं.

"बाई," इंदुताई म्हणाल्या, "ते नाही म्हणन तरी तिले एक सांगजा. पोरगं चांगलं हाय. जेवते बराबर, पण बसत नाही एका जागी."

परतीच्या वाटेवर त्यांनी हात लांब करून आरसा सरळ केला. "रस्त्याकडे पाह्य आता."

"हो," इंद्रजित म्हणाला. लाडखेडला गाडी थांबली आणि पांढऱ्या केसांची एक बाई मागे चढली. आरशात आता फक्त रस्ता होता. इंद्रजितने मान वळवून मागे पाहिलं.

इंदुताईंनीही वळून पाहिलं.